गोधडीची पाठ

घटस्थापनेच्या आधीचे चार-सहा दिवस आमच्या लहानपणी प्रवरेच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नसे. गावातल्या साऱ्या गोधड्या त्या दिवसांत नदीवर येत. वर्षभर माणसांखाली मळलेली ती जड धुडे दोघी-दोघी बायका दोन टोकांना धरून पिळत आणि मग तापलेल्या वाळूवर पसरून देत. दुपारपर्यंत नेवासे तालुक्यातले आमचे ते लहानसे गाव आपली सारी श्रीमंती आणि सारे दारिद्र्य नदीकाठी उलगडून बसलेले असे. निळी, काळी, डाळिंबी, विटकरी, नाना रंगांची चौकडी डोळ्यांसमोर मांडलेली. तेव्हा कळत नव्हते, पण वर्षातून एकदा भरणारे, तिकीट नसलेले असे ते चित्रप्रदर्शनच होते.

आणि प्रदर्शन म्हटले की टीकाकार आलेच. गोधड्या वाळेपर्यंत बायकांना काम नसे. त्या चुना-तंबाखू मळत वाळवंटातून हिंडत आणि दुसरीची गोधडी पायाच्या अंगठ्याने उलटून पाहत. "ही कुणाची गं? टाका बघ, मुंग्यांची रांग चाललीया जणू." "आन् ही? कोंबडीनं उकिरडा उकरल्यावानी!" ज्या बाईची गोधडी, ती तिथेच उभी असे. ती रागावे, हसे, कधी उलट उत्तर देई. पण 'ही माझ्या लेकरांसाठी मायेने शिवली आहे, हिला नावे ठेवू नका,' असे म्हणताना मी एकीलाही ऐकले नाही. माया होतीच. ती काय सांगायची गोष्ट होती? बोलणे चालले होते ते टाक्याविषयी.

पुढे मी 34 वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, यथाशक्ती वाचले, साहित्यावरची परीक्षणेही वाचली. पण टीका म्हणजे काय याचा पहिला धडा मला त्या वाळवंटात मिळाला, हे कबूल केले पाहिजे. हा लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे. मराठीने गोधडीवर माया पुष्कळ केली. टीका मात्र त्या वाळवंटाबरोबरच संपली.

गोधडीचा विषय निघाला की आपण दोनच सूर लावतो. एक सूर वैराग्याचा. आमच्या जिल्ह्यात कर्जतचे ग्रामदैवत गोदड महाराज. आषाढ वद्य एकादशीला त्यांचा रथ निघतो आणि हजारो माणसे दोर ओढतात. गाडगेबाबांनाही लोक गोधडेबुवा म्हणत. ज्याने सारे सोडले त्याच्या अंगावर गोधडी. दुसरा सूर आईच्या उबेचा. त्याविषयी अधिक सांगायला नको. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कुठे ना कुठे तो आळवला जातोच. दोन्ही सूर खोटे नाहीत. पण दोन्हींत एक गोष्ट हरवते. ती अशी की, ही वस्तू कोणी तरी डोके चालवून, डोळे वापरून, काही घेऊन आणि काही टाकून रचलेली आहे. आईने माया केली म्हणताना आईला अक्कल होती, एवढे म्हणायचे आपण विसरतो.

घोंगडीचे असे झाले नाही. धनगराच्या मेंढ्यांची काळी लोकर, सणगराचा माग, चिंचोक्याची खळ, असा तिचा सारा प्रवास बाजारातून होतो. माझे वडील बाजारात घोंगडी घेताना ती उन्हाकडे धरून पाहत, मुठीत दाबत, वर पाणी शिंपडून ते किती वेळ टिकते ते पाहत आणि मगच भाव करीत. ज्याला भाव आहे त्याला पारख आहे. गोधडीला भाव नव्हता; ती विकत घ्यायची वस्तूच नव्हती. म्हणून बायकांची ती दुपारची चर्चा बंद झाल्यावर तिची पारख करणारे कोणी उरले नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण हजारदा म्हटली. पण अंथरूण पाहिले कोणी?

मी स्वतः गोधड्या शिवते. लग्नाआधीपासून शिवत आले. आता नजर साथ देत नाही, तरी वर्षाकाठी एखादी होते. नोकरीच्या निमित्ताने नेवासे, पाथर्डी, पारनेर, संगमनेर अशा बदल्या झाल्या. 2024 साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी आम्हा जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच येते. जिथे गेले तिथे पोरांच्या घरी जाणे होई आणि जुन्या गोधड्या दिसत. कोणी देई, कोणी नव्या चादरीच्या बदल्यात देई, कोणी गोठ्यात वासराखाली घातलेली काढून देई. अशा 31 गोधड्या माझ्या लोखंडी पेटीत जमल्या आहेत. त्यांच्याकडे पाहून पाहून पारखीच्या काही खुणा मनाशी ठरल्या, त्या सांगते.

आधी रचना. दोन जुनी लुगडी, एक वर, एक खाली. मध्ये धोतरे, अंगरखे, फाटक्या चोळ्या, जे धडुते असेल ते. सारवून वाळलेल्या जमिनीवर हे थर अंथरायचे, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या असे काही जड ठेवायचे आणि कडेपासून आत साधा धावदोरा घालत जायचे. कडेला समांतर एक फेरा, त्याच्या आत दुसरा, असे करीत शेवटी हात मध्यावर येतो. शिकाऊ बाईची गोधडी इथेच उघडी पडते. थर एकमेकांवर सरकतात आणि मध्यावर पोचेपर्यंत कापडाला पोक येतो. कसबी बाई आपल्या डाव्या तळहाताने प्रत्येक टाक्याआधी पुढचे कापड सारखे करीत जाते. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. गोधडीवर हात फिरवला म्हणजे कळते.

म्हणून पहिली खूण पाठ. गोधडी आधी उलटी करावी. तोंडावर रंगांची मौज असते, डोळा फसतो. पाठीवर फक्त टाका असतो. माझ्या पेटीतल्या एका पारनेरच्या गोधडीवर एका वितीत 28 ओळी आहेत आणि पाठीवरचा टाका तोंडावरच्या टाक्याएवढाच आहे. दिवसभर शेतात खुरपून आलेल्या बाईने चिमणीच्या उजेडात हे केले असेल, अशी कल्पना करून डोळ्यांत पाणी आणणे सोपे आहे. मला त्याहून कठीण प्रश्न पडतो. खालून दिसणार नाही ती बाजू तिने इतकी नेटकी का ठेवली? याचे उत्तर मायेत सापडत नाही. एक धागा लांब पडला असता तरी लेकराला ऊब तेवढीच मिळाली असती. हा कारागिराचा स्वतःशी असलेला हिशेब आहे.

दुसरी खूण थर. वाकळ म्हणतात ती जाड गोधडी पुष्कळ थरांची, ती अंथरायची. पांघरायची गोधडी हलकी हवी, पण नगरकडच्या पौषातल्या थंडीला पुरली पाहिजे. हे माप कोणी लिहून ठेवलेले नाही. कोणते कापड आत घालायचे, कोणते वर ठेवायचे, हा निर्णय प्रत्येक वेळी नवा असतो. आणि तो जिला साधतो तिची गोधडी अंगावर घेतल्याबरोबर अंगाच्या घडीप्रमाणे पडते.

तिसरी खूण रंग. इथे मला मर्ढेकरांचा आधार घ्यावासा वाटतो. 'सौंदर्य आणि साहित्य'कारांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. साहित्याला ती कितपत लागू पडतात यावर विद्वानांचे वाद झाले. मी विद्वान नाही. पण गोधडीला ती तंतोतंत लागू पडतात, हे सुईच्या अनुभवाने सांगते. निळ्याशेजारी निळा लावणे हा संवाद. तो कोणालाही जमतो. विरोध कुठे आणायचा, किती आणायचा आणि आणल्यावर त्याचा तोल दुसऱ्या टोकाला कशाने सावरायचा, इथे खरी बाई कळते. आमच्या भागातल्या जुन्या गोधड्यांत नगर, भिंगार, संगमनेरच्या मागांवरची सुती लुगडी, काळी चंद्रकळा, इरकली काठ, खणाच्या चोळ्यांचे तुकडे, असा मोजकाच रंगांचा संसार असे. मोजका होता म्हणूनच त्यातली निवड डोळ्यांत भरते.

या खुणा हाती घेऊन मी एकदा माझ्या आईची गोधडी पाहायला बसले. वाचकहो, हे लिहिताना हात अडखळतो. माझी आई मायाळू होती. तशी बाई गावात दुसरी नव्हती. पण तिचा टाका वाकडा होता, थर सरकलेले होते आणि रंगांत मेळ नव्हता. ती गोधडी मी अजून उशाशी ठेवते. पण कोणी पेटीतल्या उत्तम गोधड्या दाखवा म्हटले तर ती काढत नाही. आईवरचे प्रेम आणि आईच्या कामाची प्रत या दोन गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवल्याने दोहोंपैकी कशालाच उणेपणा येत नाही.

उलट माझ्या सासूबाई. त्यांचे माझे पटले नाही. मी नोकरी करणारी सून, त्या करड्या. 'आत्याबाई, चहा घेता का?' यापलीकडे आमचे संभाषण क्वचित गेले. पण त्यांची एक गोधडी माझ्या पेटीतली सर्वोत्तम गोधडी आहे. संपूर्ण निळी, गडद निळीपासून धुऊन धुऊन आभाळासारख्या झालेल्या निळ्यापर्यंत आठ-दहा छटा, चौकोनामागे चौकोन, कडेला गडद आणि आत येत येत फिका. आणि उजव्या अंगाला, मधोमध नव्हे, थोडा खाली, एकच पिवळा चौकोन.

त्या गेल्यानंतर ती गोधडी माझ्याकडे आली. तो पिवळा तुकडा विरून जाळी झाला होता. मी मनाशी म्हटले, आत्याबाईंचे निळे कापड संपले असेल, हाताला लागले ते लावले असेल. दुरुस्त करायचीच तर नीट करू. मी तो तुकडा उसवला आणि तिथे एक जुना निळा तुकडा, छटा जुळवून, बारीक टाक्याने बसवला. काम माझ्या दृष्टीने उत्तम झाले होते. गोधडी भिंतीवर टांगली आणि चार पावले मागे येऊन पाहिली.

गोधडी मेली होती. दुसरा शब्द सुचत नाही. सारे निळे चौकोन एकदम मुके झाले. कडेकडून आत येणारा तो उजेड कुठे पोचतच नव्हता. पिवळा होता तेव्हा डोळा त्याच्याशी थांबे, तिथून परत फिरे आणि त्या फेरीत प्रत्येक निळ्याचा वेगळेपणा कळे. आता नुसते निळे कापड उरले होते.

कापड संपले म्हणून लावला असेल, हा माझा तर्क मला आता स्वस्थ बसू देईना. मी तो तुकडा पुन्हा उसवला आणि या वेळी नीट आत पाहिले. मधल्या थरात, जिथे कोणालाही दिसणार नाही अशा जागी, चांगल्या धड निळ्या लुगड्याचा हातभर रुंद पट्टा घातलेला होता. कापड संपले नव्हते. निळे हाताशी असताना त्यांनी ते आत दडवले होते आणि वर पिवळे ठेवले होते. ती निवड होती. ज्या बाईला मी आयुष्यभर रुक्ष समजले, तिने मला एका हातभर चिंधीने गप्प केले.

जाळी झालेला पिवळा तुकडा मी टाकला नव्हता, एवढेच माझे नशीब. पातळ कापडाचा आधार देऊन तो परत बसवला. पण माझ्या सुईने पाडलेली दोन वेळची भोके त्याच्या कडेने अजून दिसतात. ती दिसतच राहणार. तेव्हापासून जुन्या गोधडीला मी ठिगळ लावत नाही. फाटलेले आणखी फाटू नये इतकेच करते.

पेटीतली आणखी एक गोधडी सांगण्याजोगी आहे. तिचे तोंड साधे आहे, टाका मध्यम. पण पाठीला पिठाच्या सुती पिशवीचे कापड आहे आणि त्यावर एकमेकांत गुंफलेले दोन हात पुसट छापलेले आहेत. अमेरिकेतून मदत म्हणून येणाऱ्या धान्यावर असे हातांचे चिन्ह असे. 1972 च्या दुष्काळाची आठवण ज्यांना आहे, त्यांना तांबडी मिलो, सुकडी आणि खडी फोडायला गेलेल्या बायका आठवतील. त्या दिवसांत लुगडे फाटून गोधडीत जाण्याऐवजी दंड घालून पुन्हा अंगावरच येत असे. गोधडीला कापड उरत नव्हते. म्हणून पिशवी. पण त्या बाईने ती पिशवी अशी बेतली आहे की ते दोन हात बरोबर मध्यावर यावेत. हात कोणाचे, कशासाठी छापले, हे तिला ठाऊक असेल वा नसेल. ते मध्यावर शोभतील हे तिला ठाऊक होते.

हीच गोष्ट अगदी दूरच्या मुलखात, निराळ्या रीतीने घडलेली आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आणि शेजारच्या कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बायका जुन्या लोकरी कपड्यांच्या पट्ट्या काढून जाजमे करीत. तागाच्या पोत्याचे कापड चौकटीवर ताणायचे आणि लहान आकडीने पट्टी खालून वर ओढून एकेक फास उभा करायचा. शेकडो फासांचे जाजम होई. त्या पोत्याचा ताग आपल्या बंगालचा. तिथल्या गरीब घरच्या बाईच्या पायाखाली आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या घामाचा धागा होता आणि आमच्या बाईच्या गोधडीला तिकडच्या पिठाची पिशवी, हा योगायोग मला मोठा मनोज्ञ वाटतो.

त्या जाजमांच्या इतिहासात आपल्यालाही शिकण्यासारखे आहे. 1860 नंतरच्या दशकात मेन प्रांतातल्या बिडेफर्ड गावच्या एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट नावाच्या फेरीवाल्याने पत्र्याचे साचे कापले आणि पोत्यावर फुले, सिंह, कुत्री छापून विकायला सुरुवात केली. बायकांचे काम सोपे झाले. रेघ आयती मिळाली. ती छापील जाजमेही आज जपली जातात आणि काहींचे रंग फार सुरेख आहेत. पण ज्या बाईने चुलीतला कोळसा घेऊन आपल्या दारातली गाय पोत्यावर रेखली, पाय आखूड झाले तरी रेखली, तिच्या जाजमापुढे रसिक अधिक वेळ उभा राहतो. पुढे फिरते व्यापारी आले आणि नव्या चकचकीत लिनोलियमच्या बदल्यात ही जुनी जाजमे घेऊन गेले. बायकांनी आनंदाने दिली. धुवायला सोपे लिनोलियम कोणाला नको?

हे वाचले तेव्हा मला आमची बोहारीण आठवली. स्टीलच्या पातेल्यासाठी जुने लुगडे देताना आम्हालाही आनंदच होत असे. गोधडी संपली ती तिथे. आधी जुने कापड भांड्यात गेले. मग नायलॉन-टेरिलीनच्या साड्या आल्या, त्यांत ना ऊब, ना सुई धरण्याचा गुण. मग सोलापुरी चादर आणि गुबगुबीत ब्लँकेट घरोघर पोचले. यात कोणाचाही अपराध नाही. गोधडी ही गरजेतून आली होती. गरज सरली तशी ती सरली. ज्या बायकांनी थंडीत कुडकुडत तिला जन्म दिला, त्यांच्या सुनांनी ब्लँकेट घेतले म्हणून मी कपाळाला हात लावणार नाही.

आता शहरात पुन्हा गोधडी आली आहे. नवे सुती कापड, शिलाई यंत्राचा टाका, जुळवून आणलेले रंग आणि बरीचशी किंमत. जुन्या माणसांनी तिला नाके मुरडावीत, असा रिवाज आहे. मला तो मान्य नाही. तिच्यावरही त्याच खुणा लावून पाहाव्यात. मी पाहिल्या. टाका निर्दोष; पाठ स्वच्छ; आणि खेड्यातल्या चार बायकांच्या हाती पैसा जातो, ही गोष्ट लहान नाही. उणीव आहे ती फ्रॉस्टच्या साच्यासारखी. कागदावर ठरलेल्या नमुन्यात शिवणारीने ठरवायचे काही उरतच नाही. तिच्या हातून चूक होत नाही आणि पिवळा चौकोनही होत नाही. पण जिथे शिवणारीलाच रंग निवडू देतात, अशा काही नव्या गोधड्याही माझ्या पाहण्यात आल्या, आणि त्यांतल्या दोन माझ्या पारनेरच्या गोधडीशेजारी खुशाल ठेवाव्यात अशा आहेत.

शेवटी माझ्या पेटीविषयी. 31 गोधड्यांपैकी फक्त 9 शिवणाऱ्या बायकांची नावे मला ठाऊक आहेत. बाकीच्यांविषयी विचारले तेव्हा 'आमच्या म्हातारीची' एवढेच उत्तर आले आणि मीही त्या वेळी पुढे विचारले नाही. हा माझा संग्राहक म्हणून मोठा दोष आहे. 2002 साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या संग्रहालयात अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या भिंतीवर लागल्या, तेव्हा गोधडीबरोबर ती करणाऱ्या बाईचे नाव होते. नावाशिवाय टीका होत नाही. ज्याचा कर्ता नाही त्याला आपण परंपरा म्हणून मोकळे होतो, आणि परंपरेला कोणी विचारत नाही की बाई, इथे पिवळा का लावलास?

दिवाळीत माळ्यावरची अंथरुणे खाली येतात, पाहुणे येतात, पोरे एका गोधडीत तिघे-तिघे शिरतात. या दिवसांत हाती आलेली एक तरी जुनी गोधडी उलटी करून पाहावी. टाका मोजावा. चांगला असेल तर चांगला म्हणावे, वाईट असेल तर तसेही म्हणावे. ती बाई घरात असेल तर तिच्या तोंडावर म्हणावे, ती रागावली तर फारच उत्तम. आणि तिचे नाव विचारून एका कोपऱ्यात दोऱ्याने घालावे. मी सासूबाईंच्या गोधडीवर या श्रावणात त्यांचे नाव घातले. पाठीवर घातले, तोंडावर नाही. पिवळा दोरा वापरावा की निळा, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी निळा वापरला. पिवळ्याची जागा त्यांनी आधीच ठरवून ठेवलेली होती.